ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ : रोमी व नागरी

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ख्रिस्तपुराणाचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या बहुतेक इतिहासांतून येतो. त्यांतील मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्या वारंवार उतरून घेतल्या जातात, एका आंग्ल धर्मोपदेशकानें आपल्या भाषेचें कौतुक केलें ह्याबद्दल समाधान व्यक्त होतें, आणि लेखणी पुढील प्रकरणाकडे वळते. ज्या ग्रंथांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत त्याची सारी कीर्ति चार ओव्यांवर उभी असावी, हा आमच्या मतें उपेक्षेचाच एक सभ्य प्रकार होय. त्याहून मोठी उपेक्षा अशी कीं, आपण ज्याला ख्रिस्तपुराण म्हणतों तें नेमकें कोणतें, हा प्रश्न ह्या इतिहासांतून क्वचितच विचारला जातो. ह्या ग्रंथाचे दोन पाठ उपलब्ध आहेत. एक रोमी लिपींतला, गोमंतकांत व कानडा प्रांतांत मिळालेल्या हस्तलिखितांचा. दुसरा नागरी लिपींतला, लंडन येथील मार्स्डेन-संग्रहांतील पोथ्यांचा. दोहोंतील कथाभाग एकच, ओव्याही पुष्कळ अंशीं त्याच; परंतु शब्दकळेंत भेद आहे, आणि जेथें जेथें हा भेद पडतो तेथें मूळ शब्द कोणता व मागाहूनचा कोणता ह्याचा निर्णय झाल्यावांचून सन १६१६ च्या मराठीचा पुरावा म्हणून त्यांपैकीं एकही शब्द पुढें करतां येणार नाहीं. डॉ. जस्टिन अॅबट ह्यांनीं नागरी पाठ हाच मूळ होय असा निर्णय दिला. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. कां, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम ग्रंथकाराविषयीं थोडेंसें. कारण ज्याचा ग्रंथ आपण तपासणार त्याची पाहण्याची व लिहिण्याची रीत कळली तर पुढील विवेचनास आधार मिळतो. स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचे. सन १५७५ मध्यें रोम येथें ते जेझुइट संघांत शिरले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून पांच जहाजें गोव्यास निघालीं, त्यांत ते होते, आणि ता. २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास उतरले. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनीं, ता. १० नोव्हेंबर रोजीं, त्यांनीं लंडन येथील आपल्या व्यापारी पित्यास जें पत्र लिहिलें तें हॅक्लुइटच्या प्रसिद्ध प्रवासवृत्तसंग्रहांत छापलेलें आहे.

धर्मोपदेशकांच्या प्रवासपत्रांचा आम्हांस जो परिचय आहे त्यावरून सांगतों कीं, अशीं पत्रें बहुधा स्वदेशींच्या भाविकांस उत्तेजन यावें म्हणून लिहिलेलीं असतात, आणि इतिहाससंशोधकानें त्यांतील आंकडे व अद्भुतें दोन्ही चाळणींतून काढून मगच घ्यावींत. हें पत्र त्या जातीचें नाहीं. तें व्यापाऱ्यास लिहिलेलें आहे, आणि लिहिणाऱ्यास आपला वाचक ठाऊक आहे. ता. २९ जुलै रोजीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घातला, हिरड्या सुजून माणसें आजारी पडलीं, त्यांच्या जहाजावर सत्तावीस माणसें दगावलीं व ही संख्या नाविकांच्या दृष्टीनें थोडीच होती, हें सारें तो विलाप न करतां नोंदवितो. त्याहून मौजेचा भाग पुढें आहे. उत्तर-दक्षिण अंतर सूर्यावरून व ताऱ्यांवरून काढतां येतें. परंतु पूर्वपश्चिम जाणाऱ्यास आधार धरावा असा एकही स्थिर बिंदु आकाशांत नाहीं, म्हणून नाविक अनुभवाच्या अंदाजानें, होकायंत्राच्या सुईच्या कलावरून व समुद्रांतील पक्ष्यांच्या खुणांवरून चालतात, असें तो सांगतो. आणि हा अंदाज कसा चुकतो ह्याचें उदाहरणही देतो. हिंदुस्थान जवळ आला असें वाटत असतां त्यांचें जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशीं असलेल्या सोकोत्रा बेटापाशीं निघालें! आपल्यास काय मोजतां येतें व काय येत नाहीं, ह्याचा असा स्पष्ट विवेक ज्याच्या ठायीं आहे, तो मनुष्य आपल्या ग्रंथाच्या भाषेविषयीं जें सांगतो त्यास आम्ही मोठा मान देतों.

पुढें चार वर्षांनीं, ता. २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, त्यांनीं आपल्या भावास पत्र लिहिलें. त्यांत ह्या देशच्या भाषांचा उच्चार कानास अप्रिय नाहीं व त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांशीं मिळतीजुळती आहे, असा अभिप्राय आहे. विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या (सन १७८६) दोनशें वर्षें आधीं काढलेले हे उद्गार होत. आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांस जोन्सचें नांव पाठ करावयास लावलें. त्यापुढें साष्टीच्या ह्या पाद्र्याचेंही नांव घालावयास हरकत नव्हती. हें पत्र लिहिलें जाण्याच्या तीन महिने अगोदर, जुलै महिन्यांत, कुंकळ्ळी येथें रुदोल्फ आक्वाविवा व त्याचे चार संघबंधु मारले गेले होते. आक्वाविवा हा अकबराच्या दरबारीं जाऊन नुकताच परतला होता. दिल्लीपतीच्या सभेंत वाद करून सुखरूप परत आलेला पुरुष गोव्यापासून काहीं कोसांवरील एका गांवांत प्राणास मुकावा, ह्यावरून दूरचा प्रवास व जवळचा प्रवास ह्यांपैकीं अवघड कोणता हें दिसून येतें. स्टीफन्स ह्यांनीं जवळचा पत्करला. सन १६१९ त मृत्यु येईपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, ते ह्याच मुलखांत राहिले.

आतां ग्रंथाकडे वळूं. त्याची उत्पत्ति स्थानिक देवळांतली आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. साष्टींतील हिंदूंचीं देवळें सन १५६७ च्या सुमारास पाडलीं गेलीं होतीं व जुने ग्रंथ लोकांच्या हातून गेले होते. पुराणाच्या आरंभीं ग्रंथकारानें जो प्रसंग योजला आहे तो ह्याच परिस्थितींतून निघालेला: ख्रिस्तमतांत आलेला एक ब्राह्मण धर्मोपदेशकास म्हणतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तर आम्ही सोडलीं, नित्याच्या शिकवणीखेरीज वाचावयास दुसरें कांहीं नाहीं, तेव्हां त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण द्यावें. प्रसंग ग्रंथकारानें कल्पिला असेल किंवा घडलाही असेल. परंतु त्यांतील कबुली मोलाची आहे. ज्यांनीं ग्रंथ काढून घेतले त्यांच्याच पंथांतील एक मनुष्य ग्रंथांच्या अभावाची तक्रार श्रोत्याच्या तोंडून नोंदवितो, ती खोडून काढीत नाहीं, आणि उत्तर म्हणून अकरा हजार ओव्या लिहितो.

ह्या ओव्या कोणत्या भाषेंत लिहिल्या, हेंही त्यानें गद्य प्रस्तावनेंत सांगून ठेविलें आहे. परमेश्वराच्या गोष्टी निरूपण करण्यास मराठी योग्य, म्हणून ती घेतली. परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाहीं, म्हणून मागील कवींचे अवघड शब्द टाकले व ठिकठिकाणीं ब्राह्मणांच्या भाषेंतले, म्हणजे आज ज्यास आपण कोंकणी म्हणतों तिच्यांतले, सोपे शब्द मिसळले, असा त्या निवेदनाचा आशय आहे. येथें ‘मध्यम लोक’ कोण? पंडित नव्हेत, साष्टीच्या देवळांत रविवारीं जमणारे लोक. ग्रंथकारापुढें हाच श्रोता बसलेला आहे. संस्कृतापासून दूर जाणें ही त्याची प्रतिज्ञा आहे. तिची आठवण पुढें ठेवावी लागेल.

दुसरा लेखी पुरावा सन १६०८ च्या डिसेंबरांतील त्यांच्या पत्राचा. त्यांत आपल्या संघाच्या मुख्याधिकाऱ्यास त्यांनीं विनविलें आहे कीं, ह्या प्रांतांत देशच्या भाषेंत व देशच्या लिपींत कांहीं पुस्तकें छापलेलीं पाहावीं अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. मलबाराकडे तसें झालें असून त्याचा तेथील ख्रिस्ती समाजास मोठा उपयोग झाला. (कोल्लम येथें सन १५७८ मध्यें तमिळ अक्षरांत छापलेली पुस्तिका वाचकांस ठाऊक असेलच.) अडचण काय, तर येथील अक्षरें युरोपांतल्यासारखीं चोवीस नाहींत, जोडाक्षरें व बाराखड्या धरून सहाशेंच्या घरांत साचे पाडावे लागतील. पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ नागरी टाइपाचे खिळे ओतूं पाहणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या वाटेंत हीच अडचण उभी राहिली. परवानगी आली नाहीं, खिळे पडले नाहींत, आणि सन १६१६ त रायतूरच्या विद्यालयांत पुराण छापलें गेलें तें रोमी अक्षरांत, व जगाच्या तारकाच्या आगमनाविषयींचें व्याख्यान अशा अर्थाच्या पोर्तुगीज नांवानें.

ह्या पत्राचा आधार घेऊन कोणी म्हणेल कीं, मग ग्रंथकारानें पुराण नागरींतच रचलें असलें पाहिजे. हें अनुमान टिकत नाहीं. पत्रावरून इच्छा सिद्ध होते, कृति नव्हे. शिवाय पत्रांत शब्द ‘देशची लिपी’ असा आहे, आणि त्या काळच्या गोमंतकांत ग्रामसंस्थांचे व्यवहार कानडी वळणाच्या लिपींतही, जिला कंदवी किंवा गोंयकानडी म्हणतात तिच्यांतही, लिहिले जात. देशची लिपी म्हणजे नागरीच, असें धरून चालणें म्हणजे पुण्याच्या किंवा मुंबईच्या डोळ्यांनीं साष्टी पाहणें होय.

छापील ग्रंथाच्या पुढील दोन आवृत्त्या सन १६४९ व सन १६५४ मध्यें निघाल्या. तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाही आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. ज्या गोव्यांत ग्रंथ जन्मला त्या गोव्यांतच सन १६८४ मध्यें व्हाइसरॉयनें देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान काढलें. तें अंमलांत किती आलें हा भाग निराळा, पण अशा फर्मानाच्या छायेंत चौथी आवृत्ति निघणें शक्यच नव्हतें. ग्रंथ वांचला तो छापखान्यामुळें नव्हे, नकलकारांमुळें. दुष्काळ, रोगराई व स्वाऱ्या ह्यांमुळें जीं ख्रिस्ती कुटुंबें गोवा सोडून कानडा प्रांतांत गेलीं त्यांच्या गांठोड्यांतून त्याच्या नकला गेल्या. त्या प्रांतांतले ख्रिस्ती सन १७८४ मध्यें टिपूनें धरून श्रीरंगपट्टणास नेले, सन १७९९ पर्यंत ते तेथें बंदींत होते, त्यांचीं देवळें उध्वस्त झालीं; तरी पुराणाच्या पोथ्या उरल्या व ख्रिस्ती घरांतून तें वाचलें-गाइलें जात राहिलें. सन १९०७ मध्यें मंगळूर येथें जोसेफ सालढाणा ह्यांनीं अशा पोथ्या जमवून, ताडून, रोमी लिपींतच ग्रंथ छापला. आम्हां मराठी वाचकांपर्यंत तो नागरी रूपानें पोंचावयास सन १९५६ उजाडावें लागलें. त्या वर्षीं पुण्यास शांताराम बंडेलू ह्यांनीं सालढाणांच्या छापील पाठाचें नागरींत लिप्यंतर प्रसिद्ध केलें. ह्या उपकाराबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोंत. पण हें लिप्यंतर म्हणजे नागरी पाठ नव्हे, हा भेद ग्रंथसूचींतूनही कित्येकदां विसरला जातो.

खरा नागरी पाठ तो मार्स्डेन-संग्रहांतला. विल्यम मार्स्डेन (सन १७५४–१८३६) ह्या प्राच्यविद्यापंडितानें आपला ग्रंथसंग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला. तेथून तो प्राच्यविद्येच्या नव्या विद्यालयाकडे गेला. त्यांत आदिपुराण व देवपुराण अशा नांवांच्या दोन पोथ्या आहेत. रोमी पाठांत ह्याच दोन भागांस पैलें पुराण व दुसरें पुराण असें साधेंच म्हटलें आहे. ह्या पोथ्या म्हणजे स्टीफन्सचाच ग्रंथ, हें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अॅबट ह्यांनीं ओळखलें. अॅबट हे स्वतः अमेरिकन मराठी मिशनचे. आपल्या चर्चच्या वर्तुळाबाहेर पडून एकनाथ, तुकाराम व महिपति ह्यांच्या ग्रंथांत रमलेले, आणि महाराष्ट्रांतील संतकवींची इंग्रजी माला उतारवयांत स्वतः चालविणारे. पोथी ओळखण्यास लागणारें दुहेरी ज्ञान, बायबलाचें व ओवीचें, त्यांच्याजवळ होतें, आणि हा शोध त्यांच्या नांवास शोभणारा आहे. सन १९९६ मध्यें कारिदाद द्रागो ह्यांनीं मुंबईस ह्या नागरी पाठाची आवृत्ति काढली, तेव्हांपासून तो अभ्यासकांच्या हातीं आहे.

शोध शोभणारा, परंतु शोधाबरोबर त्यांनीं त्यास ‘मूळ’ हें विशेषण जोडलें, तेथें आमचा विरोध सुरू होतो. नागरी पाठाचें मुख्य वैशिष्ट्य असें कीं, रोमी पाठांत धर्मविधींचे जे पोर्तुगीज-लॅटिन शब्द आहेत, बाप्तिस्म, इग्रेज, स्पिरितु सांतु ह्या जातीचे, त्यांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं संस्कृत वळणाचे शब्द येतात. अॅबटांच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, हिंदूंस समजावें म्हणून लिहिणारा ग्रंथकार आरंभीं संस्कृत शब्दच योजील, आणि रोमी अक्षरांत छापतांना ते काढून परके शब्द घातले गेले असतील. ऐकावयास हें स्वाभाविक वाटतें. परंतु वर सांगितलेली प्रस्तावना पाहा. ग्रंथकार म्हणतो, मीं अवघड शब्द टाकले. ज्याची प्रतिज्ञा सोपें करण्याची, त्याचा मूळ पाठ संस्कृताच्या बाजूस झुकलेला व सुधारून घेतलेला पाठ सोपा, असें मानावयाचें तर ती प्रस्तावना दुसऱ्या कोणी लिहिली असें म्हणावें लागेल. आणि ‘सोपें’ म्हणजे काय, हेंही स्थलसापेक्ष आहे. सन १६१६ च्या साष्टीकरास इग्रेज हा शब्द परका नव्हता. तो रोज तिच्या अंगणांत उभा होता. पुण्याच्या वाचकास तो परका, आणि आम्ही नकळत पुण्याच्या वाचकाच्या कानानें साष्टीचा ग्रंथ ऐकतों.

दुसरें असें कीं, शब्दांच्या बाबतींत त्या काळच्या जेझुइटांस एक कटु अनुभव आलेला होता, आणि तो गोव्याशींच निगडित होता. फ्रान्सिस झेवियर सन १५४९ मध्यें गोव्याहून निघून जपानांत कागोशिमा बंदरीं उतरला. त्याचा दुभाषी आंजिरो हा गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयांत राहिलेला होता. ईश्वरास जपानी शब्द कोणता, असें विचारतां त्यानें ‘दैनिचि’ हा सांगितला, व झेवियर दोन वर्षें तोच शब्द उच्चारीत उपदेश करीत फिरला. दैनिचि म्हणजे आपला महावैरोचन बुद्ध! आपण बुद्धाचीच पूजा करा म्हणून सांगत आहोंत, हें सन १५५१ मध्यें उमगल्यावर तो शब्द टाकून लॅटिनांतला शब्द जपानी उच्चारानें घ्यावा लागला. परमुलखांत प्रवास करणाऱ्या उपदेशकास देशी शब्द जवळचे वाटतात, पण प्रत्येक देशी शब्दाच्या पोटांत जुना अर्थ बसलेला असतो, हा धडा संघानें त्यावेळीं घेतला. म्हणून साष्टीसारख्या नव्या ख्रिस्ती वस्तींत सामान्य कल्पनांस देशी शब्द, पण विधींस परके शब्द, अशी वांटणी पडलेली दिसते. रोमी पाठांत नेमकी हीच आहे: परमेश्वर, वैकुंठ, पुराण हे शब्द निर्भयपणें वापरले आहेत, बाप्तिस्म मात्र बाप्तिस्मच.

ह्यावर प्रतिपक्षाचीं दोन उत्तरें संभवतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिलें म्हणजे रॉबर्ट दि नोबिली. हा स्टीफन्सचा समकालीन व त्याच संघाचा. सन १६०६ मध्यें मदुरेस जाऊन त्यानें संन्याशाचा वेष घेतला व सर्वेश्वर ह्यासारखे संस्कृत शब्द आपल्या तमिळ ग्रंथांत सरसहा वापरले. तेव्हां संघांत संस्कृत शब्दांचा पक्षही होता. खरें, परंतु मदुरा पोर्तुगीज अंमलाबाहेर होतें. तेथें इग्रेज नव्हतें, पोर्तुगीज शब्द कानीं पडलेला श्रोता नव्हता, उलट ‘परंगी’ हा शब्दच शिवीप्रमाणें होता. नोबिलीचा दाखला स्टीफन्सच्या मूळ पाठास लागू पडत नाहीं. तो लागू पडतो नागरी पाठास. हें आम्ही पुढें सांगूं. दुसरें उत्तर म्हणजे पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत असलेलीं कोंकणी व मराठी हस्तलिखितें. रामायण-महाभारताच्या कथा नागरी किंवा देशी लिपींतून रोमींत उतरून घेतल्याचा तो पुरावा आहे; म्हणजे जेझुइटांच्या विद्यालयांतून नागरीचें रोमी करण्याची क्रिया होतच होती. हेंही खरें. ह्यावरून नागरीपासून रोमी होणें शक्य होतें एवढें ठरतें. ख्रिस्तपुराणाच्या बाबतींत प्रत्यक्ष काय घडलें हें पोथ्यांच्या अंतरंगावरूनच ठरवावें लागेल, आणि त्यास कसोट्या आहेत.

पहिली कसोटी नकलकाराच्या चुकांची. रोमी लेखनांत मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठीं स्टीफन्सच्या परंपरेंत अक्षर दुहेरी लिहीत: ट, ड, ण, ळ ह्यांसाठीं त, द, न, ल ह्यांचीं रोमी अक्षरें दोनदां. सालढाणांच्या आवृत्तीच्या नांवांत पुराण शब्दांतील न दुहेरी आहे तो ह्याचमुळें. आतां नकलकारानें दोहोंपैकीं एक अक्षर गाळलें कीं ट चा त झाला, ण चा न झाला. नागरी पाठ जर रोमीवरून उतरलेला असेल तर त्यांत अशा जागीं अर्थहीन त-ट, द-ड, ल-ळ ह्यांचे घोटाळे मिळाले पाहिजेत. कारण नागरी डोळ्यास त व ट ह्यांत कांहींच साम्य नाहीं, ही चूक नागरीवरून नागरी उतरतांना होत नाहीं. उलटपक्षीं रोमी पाठ जर नागरीवरून केलेला असेल तर त्यांत घ-ध, भ-म, प-य, व-ब ह्यांचे घोटाळे मिळतील. कारण तीं अक्षरें नागरींत एकमेकांसारखीं दिसतात, रोमींत मुळींच नाहीं. (ऱ्हस्वदीर्घाची कसोटी मात्र लावूं नये. रोमींत तो भेद दाखविलेला नाहीं हें खरें. पण मराठी पोथ्या लिहिणारे ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतींत आमच्या विद्यार्थ्यांहून फारसे दक्ष नसत.) बंडेलूंच्या लिप्यंतरावर ही कसोटी चालणार नाहीं, हें उघड आहे, तेथें प्रत्येक दुहेरी अक्षराचा निर्णय संपादकानें केलेला आहे.

दुसरी कसोटी यमकाची, आणि आमच्या मतें हीच निर्णायक. ओवीस अक्षरसंख्येचें बंधन सैल. श्लोकांत बाप्तिस्म काढून ज्ञानस्नानासारखा शब्द घातला तर वृत्त मोडतें व चोरी तत्काळ पकडली जाते. ओवींत चरण दोन अक्षरांनीं लांबला तरी कान तक्रार करीत नाहीं. चरणाच्या मध्यें केलेला बदल म्हणून व्रण ठेवीत नाहीं. परंतु पहिल्या तीन चरणांचा शेवट यमकानें बांधलेला असतो. जेथें वादग्रस्त शब्द चरणान्तीं येतो तेवढ्याच ओव्या दोन्ही पाठांतून वेंचून समोरासमोर मांडाव्यात. ज्या पाठांत यमक अखंड आहे तो त्या ओवीपुरता मूळ. ज्यांत यमक लंगडतें, किंवा तें सांवरण्यासाठीं दुसऱ्या चरणांतही अकारण फेरफार केलेला दिसतो, तो मागाहूनचा. अकरा हजार ओव्यांतून अशा ओव्या काढणें हें कष्टाचें काम आहे, पण कठीण नाहीं. ‘मूळ’ हें विशेषण देण्याचा अधिकार अशा परिश्रमानंतरचा असतो. अॅबटांनीं तें पोथी ओळखल्याच्या आनंदांत दिलें.

आमचें मत असें. रोमी पाठ ग्रंथकाराच्या हेतूस व त्याच्या लेखी निवेदनास जुळतो, म्हणून तो मुळाच्या अधिक जवळचा. नागरी पाठ हा भ्रष्ट पाठ नव्हे. तो ग्रंथाच्या प्रवासांतला पुढला मुक्काम आहे. जो श्रोता इग्रेजच्या अंगणांत वाढला नाहीं, ज्यास पोर्तुगीज विधिनामें कळत नाहींत, पण पोथी नागरींत वाचण्याची व पुराण ऐकण्याची संवय आहे, अशाकरितां कोणी तरी जाणत्यानें तो सिद्ध केला. साष्टींतल्या एका मंडळीसाठीं लिहिलेला ग्रंथ साष्टीबाहेर नेतांना नोबिलीनें मदुरेस जें केलें तेंच ह्या अनामिकानें ख्रिस्तपुराणाच्या बाबतींत केलें. भागांस आदिपुराण व देवपुराण हीं भारदस्त नांवें मिळालीं तींही ह्याच वेळीं. काम करणारा सामान्य नकलकार नव्हता. ओवीची लय त्यास अवगत होती व संस्कृत शब्दाची निवड करण्याइतकें ज्ञान होतें. तो धर्मोपदेशक होता कीं एखादा देशी ख्रिस्ती शास्त्री, हा प्रश्न आम्हांस मूळ कोणतें ह्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कारण सतराव्या-अठराव्या शतकांत मराठीच्या मुख्य प्रवाहांतील वाचकास ध्यानीं धरून ख्रिस्ती ग्रंथाची पुनर्रचना करणारा हा पुरुष स्टीफन्सहून निराळा ठरतो, आणि वाङ्मयाच्या इतिहासांत त्यास अद्याप एक ओळही मिळालेली नाहीं. अॅबटांचा निर्णय मान्य केला तर हा दुसरा पुरुष नाहींसाच होतो.

ह्याचा व्यावहारिक परिणामही आहे. जुन्या मराठीचे कोश करणारे सोयीसाठीं नागरी पाठ वापरतात, आणि त्यांतील संस्कृत वळणाच्या शब्दांस सन १६१६ चा काळ चिकटवितात. अशा नोंदींपुढें निदान पाठाचें नांव तरी दिलें जावें. स्टीफन्सच्या पाठोपाठ एतियेन दि ला क्रुआ ह्यानें सेंट पीटरच्या चरित्रावर रचलेल्या व गोव्यांत सन १६२९ पासून छापल्या गेलेल्या ओव्या ह्या बाबतींत उत्तम साक्षीदार आहेत: काळ तोच, संघ तोच, श्रोता तोच. विधिनामांसाठीं तेथें कोणते शब्द येतात हें पाहून ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ त्यांच्याशीं ताडावेत.

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं कोंकणपट्टींतले व कारवार-अंकोल्याकडचे रुमाल आहेत. त्यांत ओवीबद्ध सुटीं पानें निघतात, आरंभ-शेवट नसतो, आणि सृष्ट्युत्पत्तीची किंवा जलप्रलयाची कथा दिसतांच तीं भागवताच्या टीकेंत जमा केलीं जातात. अशा पानांवर आदम, नोहा किंवा अब्राहाम हीं नांवें कोणत्याही रूपांत आढळल्यास तीं वेगळीं काढावीं. लिपि नागरी, मोडी कीं कानडी वळणाची, कागद देशी कीं विलायती, पानाच्या कडेस रोमी अंक किंवा क्रूसाची खूण आहे कीं काय, आणि शेवटीं पुष्पिका असल्यास ती जशीच्या तशी, ह्यांची नोंद करून संपादकांकडे पाठवावी. त च्या जागीं ट किंवा न च्या जागीं ण अकारण पडलेला असेल, तर ती ओवी दुरुस्त न करतां, चुकीसह, संपूर्ण उतरून द्यावी.